दिघोरी ते दिघोरी, व्हाया सुनेचं नाव

ऐकलं ते खरं आहे. चाळीस लाखांचा फ्लॅट घेतला, आणि पोराचं नाव खरेदीत कुठंच नाही. खरेदीदार म्हणून नाही, सहखरेदीदार म्हणून नाही, कंसातसुद्धा नाही. मालकीण सून. एकटी सून, जिच्या आधारकार्डावर अजून माहेरचंच आडनाव आहे. पोराची सही आहे म्हणतात, नाही असं नाही. पण ती अगदी शेवटच्या पानावर, ओळख पटवणाऱ्यांच्या रकान्यात. म्हणजे चाळीस लाखांच्या व्यवहारात आमच्या गावच्या पोराचं काम एवढंच, की या बाईला मी व्यक्तिशः ओळखतो, असं सरकारला सांगायचं. लग्नाला तीन वर्षं झाली आहेत. ओळखत असेल, बापा.

हे घडलं दिघोरीत. कोणत्या दिघोरीत, ते आधी सांगायला हवं, कारण निम्मा घोळ तिथूनच सुरू झाला. आमची ती दिघोरी (मोठी), तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. चहूकडे धानाच्या बांध्या, मधोमध गाव. दुसरी दिघोरी नागपुरात, उमरेड रोडवर. दोहोंत शंभराच्या वर किलोमीटर. पोरानं फोनवर सांगितलं, ‘‘बाबा, दिघोरीत घर घेतलं,’’ तेव्हा बापानं सहज विचारलं, ‘‘कोनाचं गा?’’ गावातलं एखादं घर विकायला निघालं आणि त्याच्या कानावर आलं नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. आम्ही नावापुढं कंसात ‘मोठी’ लावून मिरवतो. तिकडच्या दिघोरीला कंसाची गरज नाही. तिकडं भावच मोठा आहे.

पण बाप निदान फोनवर तरी चकित झाला. गाव चकित झालं ते मंडईत. झाडीपट्टीबाहेरच्यांसाठी सांगतो: दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार, रात्री नाटक, आणि घरोघरी एवढे पाहुणे की सपरीत पाय ठेवायला जागा नाही. सोयरिकी इथंच जुळतात, इथंच मोडतात. यंदाच्या नाटकात पहिल्या अंकात खलनायकानं कुणाला फसवलं, हे पुढच्या दोन रांगांतल्या बायांना विचारून बघा. एकीलाही सांगता येणार नाही. मंचावर कुणीतरी कुणाच्या तरी इस्टेटीवर डोळा ठेवून होतं म्हणे. पण खुर्च्यांत त्याहून ताजी इस्टेट चालली होती.

‘‘एकटीच्या नावावर?’’

‘‘एकटीच्या.’’

‘‘अन् पोरगा होता कुठं?’’

‘‘बाजूलाच होता ना वं उभा. हसत होता म्हनते. फोटोत हसतानाच आला.’’

एक मावशी तर म्हणाल्या, ‘‘असं तर सावत्र पोरासंगही नाई करत कोनी.’’ आणि नाटकातल्या नायिकेनं हंबरडा फोडला तेव्हा त्यांनी डोळे पुसले. ते नायिकेसाठी होते की पोरासाठी, हे अजून ठरलेलं नाही.

नागपुरात घर घेणं, यात तसं नवल राहिलेलं नाही. ती साथच आहे. पूर्वी पोरीचा बाप मुलाकडं गेला की विचारायचा: बांध्या किती, पाण्याची सोय काय, घरात जावा किती. आता पहिलाच प्रश्न, ‘‘नागपूरला काय आहे?’’ फ्लॅट असेल तर पोहे संपेपर्यंत बसतात. प्लॉट असेल तर चहापुरते. दोन्ही नसेल तर ‘‘कळवतो’’ म्हणून उठतात, आणि गाडीला किक मारेपर्यंत विसरतात. मुलगा लाखांदुरात कमावता आहे, घरचं धान आहे, निर्व्यसनी आहे, या गोष्टी आता गुण म्हणून धरत नाहीत.

दुसरा प्रश्न सिबिलचा. हसू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला मुलीच्या मामानं नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोअर पाहायला मागितला, पोराची कर्जं बाहेर आली आणि जुळत आलेलं लग्न मोडलं, ही बातमी देशभर गाजली. तेव्हापासून आमच्याकडे छत्तीस गुणांना कुणी फारसं विचारत नाही. तीन आकडी गुण बघतात. मंगळाची शांत तरी करता येते. थकलेल्या हप्त्याची शांत कुठल्या गुरुजींकडून करून घ्यायची?

तर हे जोडपं. तो बुटीबोरीला कंपनीत, ती नागपुरात एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स. राहायला भाड्याच्या दोन खोल्या, घरमालकाचं कुत्रं यांच्या पायरीवर. घर घ्यायचं ठरल्यावर त्यांनी सुरुवात रीतीप्रमाणे प्लॉटपासून केली. हुडकेश्वर, नरसाळा, बेसा, खरबी, वाठोडा: एकेक रविवार एकेका दिशेला गेला. नागपुरात प्लॉट दाखवणाऱ्याला विचारायचा एकच प्रश्न असतो, ‘‘आर.एल. आहे का?’’ आर.एल. म्हणजे रिलीज लेटर. शहराभोवतीची शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली, परवानगीशिवाय लेआऊट पडले, त्यावर घरं उभी राहिली. मग २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि नागपूर सुधार प्रन्यासकडे ‘५७२ लेआऊट’, ‘१९०० लेआऊट’ अशा याद्या लागल्या. ही प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं जन्मलेली, म्हणजे आमच्या गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांपेक्षा मोठी. नियमितीकरणाचे पैसे भरा, पत्र घ्या, मग बांधकामाचा नकाशा पास होतो. तोवर प्लॉट तुमचा, पण त्यावर उभं राहून फोटो काढण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही.

सून सगळीकडे तोच प्रश्न विचारायची, आणि गंमत अशी, की ‘‘नाही’’ असं उत्तर एकदाही आलं नाही. ‘‘प्रोसेसमध्ये आहे, मॅडम.’’ आमच्या गावात घरकुल यादीत असतं ना, तसं. एका ठिकाणी दलाल म्हणाला, ‘‘मॅडम, इतके प्रश्न तर वकीलही विचारत नाहीत.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणून तर वकिलाला पैसे द्यावे लागतात.’’ हा संवाद तिच्या नवऱ्यानंच मंडईत सांगितला, कौतुकानं. पण आमच्याकडे तो वेगळ्या अर्थानं फिरतोय: पोरीला तोंड आहे.

मग फ्लॅट. आणि फ्लॅट बघायला लागल्याबरोबर त्यांच्या आयुष्यात ‘दुसरी पार्टी’ आली. हिला आजवर कुणी पाहिलेलं नाही. ती नेहमी काल संध्याकाळी येऊन गेलेली असते. तिला फ्लॅट पसंत असतो, घासाघीस करायची नसते, आणि ती उद्या सकाळी टोकन घेऊन येणार असते. भंडाऱ्याच्या गिऱ्हाइकाला सांगतात, पार्टी चंद्रपूरची आहे. चंद्रपूरच्याला सांगतात, गोंदियाची. गडचिरोलीच्या गुरुजींना सांगतात, भंडाऱ्याची आहे, धान विकून मोकळी झालीय, रोख घेऊन बसलीय. पूर्व विदर्भातला जो तो पगारदार नागपुरात घर शोधतोय, तेव्हा यात खोटं असं काहीच नसतं. तीच तर मेख आहे.

आमच्या जोडप्याला पसंत पडलेल्या फ्लॅटचा भाव निघाला होता साडेचौतीस लाख. उमरेड रोडपासून आत, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, आणि गॅलरी एवढी की त्यात एक माणूस किंवा एक तुळस मावते. ‘‘दुसरी पार्टी पस्तीस म्हणतेय,’’ असा फोन आला. यांनी साडेपस्तीस म्हटलं. पार्टीनं छत्तीस. असं करत करत चाळीसला पार्टी गार पडली. घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सौदा पक्का होईतोवर बोलायचं नाही, दृष्ट लागते. मंडईत जेव्हा तोंडं उघडली तेव्हा उलगडा झाला. दुसरी पार्टी खरोखरच होती. लाखनीचा सख्खा मावसभाऊ.

त्यानंही घरी सांगितलं नव्हतं. दृष्ट त्यालाही लागतेच. मधल्या काळात एका लग्नात दोघं एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून बसले होते. एकमेकांना भाताचा आग्रह केला, आणि जेवण होताच दोन दिशांना जाऊन त्याच दलालाला फोन लावला. दोन मावसभावांनी मिळून एका अनोळखी माणसाच्या फ्लॅटवर साडेपाच लाख चढवले. आता दोघांच्या आया, म्हणजे सख्ख्या बहिणी, बोलत नाहीत. आणि दलालानं दोघांनाही दिवाळीची मिठाई पाठवली. चांगला माणूस आहे म्हणतात.

बरं, साडेपाच लाखांवरही हे थांबलं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरांसाठीचा नवा टप्पा २०२४ मध्ये आला. त्यात घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं असेल, उत्पन्नाची अट बसत असेल, तर व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सूट मिळते. साडेचौतीसला हे दोघं त्यात बसत होते. साडेपस्तीस म्हटलं आणि घर योजनेच्या बाहेर गेलं. मावसभावानं एका फोनमध्ये यांची सबसिडी घालवली आणि यांनी पुढच्या फोनमध्ये त्याची. भाऊबंदकी काय ती शेताच्या धुऱ्यावरूनच होते, असं आम्ही इतके दिवस समजत होतो.

दलालांच्या तोंडी अजून एक मंत्र असतो: उड्डाणपूल. इंदोरा ते दिघोरी पूल होतोय, झाला की भाव आभाळाला, आजच घ्या. त्याच पुलाची गोलाई २०२५ च्या सप्टेंबरात अशोक चौकात एका घराच्या गॅलरीला जाऊन भिडली आणि ते फोटो देशभर फिरले. चूक पुलाची की गॅलरीची, यावर नागपूरकर अजून हिरिरीनं बोलतात. आमच्या पोरानं घाबरून दलालाला तो फोटो दाखवला. दलाल शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, रोड टच प्रॉपर्टी यालाच म्हणतात.’’

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकड्यांशिवाय निंदेला चव नाही. मंडईत हे गणित मोबाइलवर मांडलं गेलं, आणि पडताळूनही पाहिलं गेलं. २०२५-२६ साठी साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये. चाळीस लाख भागिले २,३६९: फ्लॅट झाला १,६८८ क्विंटलांचा. पोराच्या बापाकडं पाच एकर. हंगाम बरा गेला तर ऐंशी-पंच्याऐंशी क्विंटल. म्हणजे रोवणीची मजुरी, खत, चुरणी काही न धरता, घरात एक दाणा न शिजवता, वीस वर्षांचं धान. आणि बँकेचं कर्जही वीस वर्षांचंच. हा योगायोग कळल्यावर कुणीतरी ‘‘बघा, देवानं जोडी कशी लावली’’ म्हणालं.

कर्जाचं तर विचारूच नका. तीस लाखांच्या वर कर्ज गेलं की घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त बँक देऊ शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणून कर्ज ३२ लाख, पदरचे आठ लाख, आणि वर मुद्रांक शुल्क. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता बसतो २७,७७० च्या आसपास. वीस वर्षांत भरायचे ६६ लाखांच्या वर. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० येतात. म्हणजे साडेअठरा लाडक्या बहिणी एकत्र आल्या तेव्हा एक हप्ता फिटेल. उरलेली अर्धी कोण, यावर पुढच्या रांगेत बराच वेळ हशा चालला, आणि शेवटी एका तालुक्याच्या पुढाऱ्याच्या घरचं नाव पुढं आलं. ते इथं लिहीत नाही.

पदरच्या आठ लाखांची कथा वेगळीच. चार लाख सुनेचे. नोकरी लागल्यापासून आवर्ती ठेवीत टाकलेले, लग्नाआधीपासूनचे. उरलेल्यासाठी सासऱ्यानं पटाची जोडी विकली. इथं मात्र बायांपेक्षा बाप्यांचे डोळे जास्त भरून आले. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं, वेड आमच्याकडे काय असतं, ते ज्यानं लाखनीचा पट पाहिला त्यालाच कळेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. तरी या गृहस्थानं गोठा मोडला नाही. बैलांना सरकीची ढेप, स्वतःला चटणीभाकर. २०२१ च्या डिसेंबरात पट पुन्हा सुरू झाले, २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयानं कायद्यावर शिक्कामोर्तबही केलं, जोडीला भाव आला. आणि भाव आला तशी जोडी गेली. ‘‘बंदीत विकली नाई, अन् सुनेच्या फ्लॅटापायी विकली!’’ हे वाक्य पानठेल्यावर इतक्या वेळा म्हटलं गेलं, की आता ते म्हणताना कुणी विडाही थुंकत नाही. गृहस्थ स्वतः विचारलं तर एवढंच सांगतात, की डावा बैल वळणावर मारका झाला होता.

एवढं सगळं झालं, तरी पोराचं नाव का नाही? सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा सुनेनं मोबाइलवर शासनाचा कागद काढून दाखवला. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. अट अशी, की खरेदीदार फक्त बाई हवी. नवराबायकोचं जोडनाव चालत नाही. पुरुषाचं नाव शेपटासारखं मागं लावलं तरी सवलत गेली. मोकळ्या प्लॉटला ती मिळत नाही, घरालाच मिळते. चाळीस लाखांवर एक टक्का म्हणजे ४०,००० रुपये.

आता हा आकडा लक्षात ठेवा. २०२४-२५ च्या धानाला सरकारनं हेक्टरी २०,००० रुपये बोनस जाहीर केला, मर्यादा दोन हेक्टरांची. म्हणजे जास्तीत जास्त ४०,०००. सासऱ्यानं पाच एकरांत मृगापासून दिवाळीपर्यंत चिखल तुडवला, मग केंद्रावर नोंदणी, मग आधार जोडणी, मग बँकेत रांग, तेव्हा जेवढे मिळाले, तेवढेच सुनेनं नवऱ्याचं नाव न लिहून मिळवले. हा हिशेब ऐकून सासरा पहिल्यांदा गप्प झाला आणि नंतर म्हणाला, ‘‘मंग चूक काय झाली?’’ गाव त्याच्यावरही नाराज आहे.

कारण गावाला ४०,००० शी देणंघेणं नाही. गाव म्हणतं, उद्या हिनं हाकललं तर पोरानं जायचं कुठं? पूर्वी म्हणे या सवलतीला एक लगाम होता. बाईनं असं घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे. २०२३ मध्ये ती अटही काढून टाकली. हे कळल्यावर तर मंडईत हाहाकार उडाला. ‘‘म्हनजे उद्या कोनालेही विकू शकते?’’ विकू शकते. पोराच्या नावावर असतं तर पोरालाही विकता आलं असतं, आणि तेव्हा सून कुठं गेली असती, हा प्रश्न कुणी काढला नाही. लग्न होऊन सासरी आलेली बाई कुठंतरी जातेच, तिची काळजी कशाला.

सगळ्यांत मोठ्यानं बोलल्या त्या पोराच्या दोघी आत्या. त्यांचं दुःख मला समजतं, कारण नाव आणि कागद यांचा त्यांना अनुभव आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती होऊन मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला. बाप गेल्यावर दोघींची नावं सातबाऱ्यावर चढली, आणि पहिल्या भाऊबीजेला भावानं दोन साड्या आणल्या, हक्कसोडपत्र आणलं, पेनही आणलं. दोघींनी सह्या केल्या, पुरणपोळी खाल्ली, घरी गेल्या. त्याची मंडईत चर्चा झाल्याचं कुणालाही आठवत नाही. बाईचं नाव कागदावरून खाली उतरतं तेव्हा ती रीत असते. वर चढलं की भानगड.

तसं हे नवं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ऐंशीचं दशक सरता सरता लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती: शेतकऱ्यानं स्वखुशीनं थोडी जमीन बायकोच्या नावे करावी; ज्या गावात शंभर जण करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. विदर्भात त्यावर सभा झाल्या, टाळ्या पडल्या, काही गावांनी खरंच करून दाखवलं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर नवराबायको दोघांच्या नावावर लावा, असा सरकारचा आदेशही जुना आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवलेला होता, पुढं त्यावर कीटकनाशकाची जाहिरात आली. भाषणानं झालं नाही, आदेशानं झालं नाही, आणि एका टक्क्यानं झालं. मला विचाराल तर यात बिचाऱ्या टक्क्याची काही चूक नाही. तो आमच्या पुरुषांचा स्वभाव ओळखून आहे.

थांबा, अजून आहे. मालकी सुनेची, पण कर्जात पोराचं नाव आहे! सहकर्जदार. ‘‘हप्त्याले नवरा अन् मालकीले बायको!’’ यावर पंचायतच बसायची राहिली होती. पण मग आतली बातमी आली, आणि ती पोराच्याच मित्रानं फोडली. आधी दोघांचा अर्ज पोराला पुढं ठेवून केला होता. बँकेनं सिबिल काढला. आयपीएलच्या हंगामात झिरो डाउन पेमेंटवर घेतलेला मोठा टीव्ही आणि त्याआधीचा मोबाइल, दोन्हींचे मिळून काही हप्ते चुकलेले. बँकेतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘मॅडमचं काय?’’ मॅडमचं सगळं स्वच्छ. तेव्हा मुख्य अर्जदार मॅडम, आणि साहेब मागं. म्हणजे घर सुनेच्या नावावर गेलं याचं मूळ कारण मुंबई इंडियन्स आहे की सरकार, यावर आता दोन तट आहेत.

आणि आता खरा बॉम्बगोळा. लाखनीच्या मावसभावानंही शेवटी फ्लॅट घेतला, खरबीकडे. त्यानंही एक टक्का वाचवला. पण त्याचं लग्न व्हायचं आहे. मग कुणाच्या नावावर? आईच्या! शासनाच्या कागदात ‘महिला’ लिहिलंय, ‘बायको’ कुठं लिहिलंय?

हे ऐकल्यापासून आमच्याकडच्या सासूबाईंना झोप नाही. त्याही महिला आहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, पण आहेत. सवलत त्यांच्याही नावावर मिळाली असती. मग आपल्याला कुणी विचारलं का नाही? सुनेनं पुन्हा मोबाइल काढला. बँकेनं घर गहाण ठेवायचं तर मालक कर्जात हवा. मालक कर्जात घ्यायचा तर त्याचं वय बघतात, उत्पन्न बघतात. अठ्ठावन्नला वीस वर्षांचं कर्ज कोण देतं? लाखनीच्या बाई एक्कावन्नच्या आहेत आणि अंगणवाडी सेविका आहेत, शिवाय त्यांच्या पोरानं कर्ज थोडं आणि लवकर फिटणारं घेतलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘बहिणीचं वय एक्कावन्न नाई. मले माहीत आहे ना, मी तिच्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी.’’ दोघी बहिणींचं बोलणं पुन्हा सुरू व्हायची जी थोडी आशा होती, ती तिथं संपली.

साथ मात्र पसरली. मंडईनंतर गावात जिथं जिथं नागपूरची बोलणी चालू आहेत तिथं ‘‘कोनाच्या नावावर?’’ हा प्रश्न भावाच्या आधी विचारला जातोय. एका लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापानं साखरपुड्याआधीच सांगून टाकलं, घर घ्याल तेव्हा एक टक्का वाचवा, आमचं काही म्हणणं नाही. एका नवऱ्यानं बायकोच्या नावानं घेण्याआधी तिच्याकडून लिहून घ्यायचा प्रयत्न केला. बायकोनं लिहून दिलं, पण त्याखाली तिनंही एक कलम घातलं, ते ऐकून त्यानं पूर्ण एक टक्का जास्त भरला. कलम काय होतं, ते शोधायला दोन मावश्या लागल्या आहेत.

इकडं वास्तूची तारीख निघाली आहे आणि पत्रिका अडली आहे. निमंत्रक म्हणून नाव कुणाचं? घर सुनेचं, तेव्हा तिचं, असं पोराचं म्हणणं. त्यावर मामंजी हो म्हणाले. मग आहेराचा प्रश्न उभा राहिला. आमच्यात वास्तूला सुनेच्या माहेरून आहेर येतो: पोराला दुपट्टा-टोपी, सासूला लुगडं. पण घरवाली जर ती, तर तिचं माहेर हे घरच्याकडचं झालं आणि आम्ही झालो पाहुणे. मग आहेर आम्ही न्यायचा काय? न्यायचा तर तिच्या आईला लुगडं आम्ही द्यायचं? आणि पोराला दुपट्टा कोण बांधणार, तो कुठल्या बाजूनं उभा राहणार? यावर सासूबाई तीन दिवस काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी लाखांदूरच्या बाजारातून दोन लुगडी आणवली, एक व्याहीणबाईंसाठी आणि एक स्वतःसाठी.

‘‘त्यायनं आनलं तर माहं पेटीत राहील,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाई आनलं, तर मी काई फ्लॅटात जुन्या लुगड्यानं जात नाई.’’